लग्नाच्या अर्जावर एचआयव्हीचा रकाना नको: ग्रामस्थ मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सभासद,
ग्रामस्थ मंडळ (गाव आणि मुंबई),
जिल्हा सिंधुदुर्ग

स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचली. विषय क्रमांक चार : वधू-वर मेळाव्याच्या अर्जाला एचआयव्हीचा रिपोर्ट जोडणे सक्तीचे करणे. विषय क्रमांक पाच : त्यासाठी मंडळातर्फे शिबिर घेऊन उपवर मुलामुलींची एकदमच तपासणी करणे व रिपोर्ट सचिवांकडे जमा ठेवणे. गेल्या वर्षी शेजारच्या गावात एक ठरलेलं लग्न मोडलं, त्यावरून हे निघालं, हे मला ठाऊक आहे. तुमचा हेतू वाईट नाही, हेही ठाऊक आहे. तरीही हे दोन्ही विषय मागे घ्या, असं सांगायला हे पत्र लिहिते आहे. आणि ते सांगायचा हक्क मला बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच आहे. अशा रिपोर्टाची गरज या पंचक्रोशीत कुणाला असलीच तर ती १९९६ साली मला होती.

त्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा मुंबईत. गिरणी सुटल्यावर मिळेल ते काम करत करत ट्रकवर क्लीनर आणि मग ड्रायव्हर झालेला. घरच्यांना त्याचा ताप येतो-जातो, अंग उतरत चाललंय, एवढं दिसत होतं. त्यावर घरातला तोडगा ठरलेला : "लगीन केल्यार सुदारतलो." त्याला मी माफ केलं की नाही, हे विचारू नका. तो माझा आणि त्याचा हिशेब आहे आणि तो माणूस आता नाही.

तेव्हा तुमच्या मेळाव्याच्या अर्जावर हा रकाना असता तर मी वाचले असते का? मी यावर बराच विचार केला आहे. नसते वाचले. आमच्या तालुक्यात तेव्हा तपासणीची सोय नव्हती. ज्या घराला मुलाचं लग्न उरकायचंय ते घर मुंबईतून हवा तसा कागद आणतं, हे तुम्हीही जाणता. कोऱ्या सातबाऱ्याच्या, जन्मतारखेच्या, पगाराच्या चिठ्ठ्या आणणारी माणसं रक्ताच्या रिपोर्टाला का अडतील? मला वाचवलं असतं ते एकाच गोष्टीने. तो मला खाजगीत, घाबरून का होईना, "माका बरा वाटत नाय, आधी तपासूया" असं बोलू शकला असता तर. ते बोलायला त्याला या गावात जागाच नव्हती. आज तुम्ही जो ठराव आणताय, त्याने ती जागा आणखी आवळेल.

१९९६ याच वर्षी तिकडे जगाला तीन औषधांचा एकत्रित उपचार मिळाला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसू लागली. त्याचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे. आमच्या वाडीत ही बातमी अफवा म्हणूनही पोचली नाही. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावला. कौल उजवा झाला, माणूस १९९९ साली गेला. सरकारी दवाखान्यातून त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं. खांदा द्यायला वाडीतलं कुणी आलं नाही. दोघे दीर आणि माझा भाऊ, आणि चौथा माणूस पैसे देऊन आणलेला. त्याची वाकळ, ताट, तांब्या, सगळं जाळलं, पुरलं. "तेका मुंबयचो आजार झालो हा" एवढंच बोलायचे. मला आणि पोरीला मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, हलवलं आणि विहिरीवर माझा हंडा लागू नये म्हणून मला लांबच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी दाखवलं.

हे मी कुणावर दावा सांगायला लिहीत नाही. त्यातली निम्मी माणसं गेली, उरलेल्यांतली काही आज माझ्याशी नीट बोलतात. त्यांना कुणी शिकवलं होतं तरी काय? बांद्यापलीकडे गोव्यात म्हापसा आहे. तिथे १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. त्याचा गुन्हा हा की तो नियमित रक्तदान करायचा आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्याने त्याला क्षयरोग्यांच्या पडीक सॅनेटोरियममध्ये चौसष्ट दिवस कोंडून ठेवलं. त्याची आई लुसी कोर्टात गेली, तर कोर्टानेही कोंडण्याचा कायदा उचलून धरला. डॉमिनिकने पुढे आपल्यासारख्यांसाठी संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो गेला. सरकारच माणसाला कोंडत होतं, तर वाडीने मांगर दाखवला यात नवल ते काय.

ही पहिली पिढी. माझ्या नवऱ्याची, मरून गेलेल्या चाकरमान्यांची. त्यांची नावं तुमच्या मंडळाच्या जुन्या वर्गणी पुस्तकांत अजून असतील.

दुसरी पिढी माझी. आम्ही मरणार म्हणून सगळ्यांनी आमच्या पाठीवर हात फिरवून झाला, आणि आम्ही मेलो नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तिन्ही औषधं वर्षाला साडेतीनशे डॉलरना देऊ केली, तेव्हा जगभर खळबळ माजली. आंबे-काजूवर वर्ष काढणाऱ्या घराला तेही परवडणारं नव्हतं. खरा फरक पडला तो १ एप्रिल २००४ पासून, सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा हा औषधोपचार, सुरू केली तेव्हा. सुरुवातीला देशात मोजकीच केंद्रं होती. मुंबईत जे. जे. रुग्णालय. रात्रीची एसटी पकडायची, पहाटे मुंबईत उतरायचं, रांग लावायची, रात्री परत. गावात सांगायचं की बहिणीकडे चालले. बहिणीला सांगायचं की देवदर्शनाला चालले.

गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ. चुकवायच्या नाहीत. त्या प्लास्टिकच्या बाटलीत खुळखुळायच्या, आणि एसटीत प्रत्येक खड्ड्याला तो आवाज. मुंबई-गोवा रस्त्याला खड्डे किती, ते मी तुम्हाला काय सांगू. मग मी बाटलीत कापूस कोंबायला शिकले, वरचा कागद पाण्यात भिजवून काढायला शिकले. तेव्हाच्या एका गोळीने, स्टॅव्हुडीन तिचं नाव, गाल आत जायचे, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या, तळपायांना मुंग्या. गोळीने जीव वाचवला, पण चेहऱ्यावर पाटी लावली. बाजारात आम्ही एकमेकींना गालांवरून ओळखायचो आणि ओळख न दाखवता पुढे जायचो. ती गोळी पुढे सरकारने बंद केली. माझे गाल काही परत भरले नाहीत.

आता मी पन्नाशी ओलांडली. बीपीची गोळी वेगळी, साखरेची वेगळी, गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणतात, हे सगळं वयाचं. एचआयव्ही असलेल्या बाईला वयाचं दुखणं होतं, यात केवढी गंमत आहे ते मला आणि माझ्या वयाच्या चार-दोघींनाच कळतं. आम्ही म्हाताऱ्या होऊ असा कुणी विचारच केला नव्हता. आम्हीही नाही.

आणि तिसरी पिढी, जिच्यासाठी तुम्ही अर्ज छापताय.

माझी मुलगी १९९८ सालची. पोटातून किंवा दुधातून तिला एचआयव्ही मिळाला. औषध न घेतलेल्या आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते. ती त्या टक्क्यांत सापडली. लहान मुलांची औषधं सरकारी केंद्रात आली २००६ अखेरीस. त्याआधी मोठ्यांची गोळी सुरीने अर्धी करायची, अर्धी कधी चुरा व्हायची, तो चुरा गुळात. आज ती सत्तावीस-अठ्ठावीसची आहे. नोकरी करते, स्कूटर चालवते, रात्री झोपताना एक गोळी घेते. एकच. २०२० नंतर ही नवी, डोल्युटेग्रावीरची एकत्रित गोळी आली, आणि तिचे साइड इफेक्ट जुन्यांच्या मानाने काहीच नाहीत. गोळ्या ती कॅल्शियमच्या डबीत ठेवते. कापूस कोंबायचं मी सुचवलं, तर हसली.

तिच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर 'टीएनडी' लिहून येतं, म्हणजे मशीनला रक्तात विषाणू सापडलाच नाही. हे फक्त तिच्या तब्येतीपुरतं नाही. २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडची जोडपीही होती : बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढे युरोपातल्या अभ्यासात, विषाणू दाबलेला असताना बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला एकही लागण झाली नाही. एकही नाही. औषध नीट चालू आणि व्हायरल लोड सापडत नाही, तर संबंधांतून एचआयव्ही जात नाही, हे आज जगभरचे डॉक्टर सांगतात. अशी बाई गरोदर राहिली तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली. मी ज्यांच्यासोबत केंद्रात जाते त्यांच्यातल्या एका सुनेचं बाळ परवा दीड वर्षाचं झालं. जन्मल्यापासून काही आठवडे त्याला औषधाचं पातळ द्यायचं होतं; तिच्या सासूने ते ड्रॉपरने, घड्याळ बघून, स्वतः पाजलं. शेवटची तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा सासूने केंद्रातल्या नर्सला भरून पिशवी काजू दिले. त्या सासूला मी विचारलं नाही की १९९९ साली तू कुठे होतीस.

माझी मुलगी माझ्यासारखी घाबरत नाही, यावरून आमचे खटके उडतात. मी जुनं काढलं की म्हणते, "आये, तुज्या टायमाचा माका सांगू नको." बाधितांच्या बैठकांना तिला यायचं नसतं. "मी काय पेशंट आहे का?" तिच्या वयाच्या मुलांचे प्रश्नच वेगळे. जगीन का, हा प्रश्न त्यांना पडत नाही. पडतात ते असे : वसतिगृहात गोळी कुठे लपवू? आखातात नोकरी लागत होती, पण तिकडच्या मेडिकलमध्ये एचआयव्ही निघाला की व्हिसा नाही, आता घरी काय कारण सांगू? रोज गोळी घ्यायचा कंटाळा आलाय, चार दिवस सोडली तर? (नाही सोडायची. विषाणू औषधाला सरावतो आणि साधी गोळी मग चालत नाही.) आणि सगळ्यांत मोठा : लग्न.

माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. मुलगा निगेटिव्ह आहे. तिने त्याला स्वतः सांगितलं, पहिल्या भेटीत नाही, पण साखरपुड्याच्या गोष्टी निघायच्या बऱ्याच आधी. मग दोघं काउन्सेलरकडे गेली. त्याने काय काय विचारलं ते मला माहीत नाही, पण तास-दीड तास आत होती. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "काकी, चहा घेऊया?" त्याच्या आईवडलांना कधी सांगायचं ते त्या दोघांनी ठरवायचं आहे.

मंडळींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याच्याशी संसार करायचा त्याला कळलंच पाहिजे. लपवून लग्न करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, मी तर नाहीच. कायदासुद्धा बाधित माणसाला सांगतो की दुसऱ्याला लागण होऊ नये याची काळजी घेणं तुझं काम. पण जे नवऱ्यामुलाला कळायचं ते सचिवांच्या फायलीत कशाला? सचिवांच्या घरी ती फाइल कपाटात राहील, सचिव बदलले की दुसऱ्या कपाटात जाईल. रकान्यात 'पॉझिटिव्ह' असलेला अर्ज मेळाव्यात कुणी वाचायचा? आणि रिपोर्टच न जोडणाऱ्या पोराबद्दल शिमग्यापर्यंत गावभर काय बोललं जाईल, ते मी तुम्हाला आजच सांगते. माझी मुलगी तुमच्या अर्जाने पहिल्याच कागदावर बाद झाली असती, आणि तो मुलगा तिला भेटलाच नसता.

शिवाय तुमच्या शिबिरातल्या कागदाचा उपयोग तरी किती? लागण झाल्यावर पहिले काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, साध्या चाचणीत ती दिसत नाही. म्हणजे जानेवारीत निगेटिव्ह आलेला जानेवारीतही बाधित असू शकतो, आणि मे महिन्यात लग्नाला उभा राहील तेव्हाचं तर हा कागद काहीच सांगत नाही. उलट, एका किटवर रेघ उमटली म्हणजे बाधा ठरत नाही. सरकारी पद्धतीत वेगवेगळ्या तत्त्वांच्या तीन चाचण्या झाल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. शाळेच्या वर्गात टेबलं मांडून एका किटवर पन्नास पोरांचं रक्त बघितलं आणि एखाद्याची रेघ चुकून उमटली, तर दुसरा रिपोर्ट येईपर्यंत त्या घराचं काय झालेलं असेल?

कायद्याचं थोडक्यात. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही. कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. बाधित माणसाला राहत्या घरातून काढता येत नाही. हे वाचताना मला तो मांगर आठवला, बाकी काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बाधितांचा लग्नाचा हक्क 'स्थगित' असल्याचं म्हटलं होतं. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने ती टिप्पणी गरजेची नव्हती म्हणून बाजूला ठेवली. मंडळाने ती परत उकरून काढू नये. तुमच्या कार्यकारिणीत दोन वकील आहेत, त्यांना विचारा.

मंडळाला खरंच काही करायचं असेल तर कामं पडून आहेत. पहिलं आणि सगळ्यांत अडलेलं : विधवांची वारस नोंद. मुंबईत गेलेल्या नवऱ्यामागे गावात परत आलेल्या कितीतरी बायकांची नावं सातबाऱ्यावर चढलीच नाहीत. "ही तरी किती दिवसांची" म्हणून तेव्हा कुणी तलाठ्याकडे गेलं नाही. त्या बायका आज साठीला आल्यात, दिरांच्या कलमांखालचा पालापाचोळा गोळा करतायत. मंडळाने नुसता एक माणूस फेरफारासाठी सोबत दिला तरी पुष्कळ. दुसरं, संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज. तिथेही नावं मोठ्याने वाचली जातात, ते थांबवायला तहसीलदारांना एक पत्र मंडळाच्या लेटरहेडवर जाऊ दे. तिसरं एसटीचं. बाधितांना प्रवासात सवलत आहे, पण ती मिळवायला कार्ड कंडक्टरला दाखवायचं, आणि कंडक्टर वरच्या वाडीतला. त्यामुळे आमच्यातले कितीतरी ही सवलत न घेता तिकीट काढून गोळ्या आणायला जातात. सवलत आहे, घेता येत नाही, असा हा मामला. यावर मुंबई मंडळाची मंत्रालयातली ओळख कधी कामाला लावलीत तर बरं होईल.

शिबिर घ्यायचंच असेल तर घ्या, तपासणीला माझा विरोध नाही. जितके लवकर कळतील तितके लवकर औषधावर येतील, आणि २०१७ पासून सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकाराच्या पेशी, किती आहेत हे न बघता लगेच गोळी सुरू करतात. पण ते मंडळाचं शिबिर नको. जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीला, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्राला, पत्र द्या, त्यांचे काउन्सेलर येतील. तपासणी ज्याची त्याने मागितली तर, आधी बोलणं, रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, मंडळाकडे आकडासुद्धा नको. आमच्यासारख्या लहान गावात आकडा म्हणजे नावच. मेळाव्याच्या अर्जाच्या मागे दोन ओळी छापा : लग्नाआधी दोघांनी मिळून सरकारी केंद्रात जाऊन तपासून घ्यावं, तपासणी मोफत आणि गुप्त असते, शंका असल्यास १०९७ वर फोन करावा. तो नंबर मंडळाच्या फळ्यावरही लिहा, गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेखाली. मुंबईकर पोरं तो फळा वाचतात.

ही कोण, हे शोधत बसू नका. काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत, आणि गावात माझ्यासारखी मी एकटी नाही. सभेला मी असेन, नेहमीसारखी मागच्या रांगेत. विषय क्रमांक चार आणि पाच मागे घेतल्याचं अध्यक्षांनी सभेच्या सुरुवातीलाच वाचून दाखवावं आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
वाडीतली एक सून